शेवटचा फर्मा

नाशकात पुस्तक परीक्षण करणं हे लग्नाला जाण्यासारखं असतं. जायचं, जेवायचं, छान झालं हो सगळं म्हणायचं आणि घरी यायचं. भाजी खारट होती हे गाडीत बसल्यावर आपापसात बोलायचं. मला ते जमत नाही. भाजी खारट असली की मी पंगतीतच बोलते, म्हणून मला आमंत्रणं कमी आणि पुस्तकं जास्त येतात.

मी मंजुषा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत नव्या कादंबऱ्यांवर लिहिते. माझा एकच नियम आहे. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. यात थोर काही नाही, पण आमच्याकडे तेवढंही कुणी करत नाही. मलपृष्ठ वाचायचं, प्रस्तावना चाळायची, मधलंच एखादं वाक्य उचलायचं आणि 'लेखिकेकडून पुढेही अशाच लेखनाची अपेक्षा' म्हणून हात धुवायचे, ही इथली रीत. या रीतीचे मुकुटमणी म्हणजे निवृत्त प्राध्यापक शेखर देवरे. गेल्या वर्षी एका प्रकाशन समारंभात ते बोलून खाली बसले आणि पाठोपाठ मी माइकवरून म्हणाले की, देवरे सरांनी मलपृष्ठाचं फार सुंदर परीक्षण केलं आहे. लोक हसले. सरही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेव्हापासून ते माझ्या चुकीची वाट बघत होते आणि मी काही त्यांना ती देत नव्हते.

सरिता ही माझी कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरची मैत्रीण. माहेर येवल्याचं, घरात हातमाग, सासर नाशकातलं. तिच्यासोबत चाललं की बोलणं भरपूर होतं आणि व्यायाम काहीच नाही. तिनं कादंबरी लिहिल्याचं मला ती छापून आल्यावर कळलं. एका सकाळी ट्रॅकच्या बाकावर तिनं पिशवीतून पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. नाव 'अंजनेरी फाटा'. आत 'अभिप्रायार्थ, सप्रेम' आणि खाली सही. मैत्रिणींच्या पुस्तकांवर मी लिहीत नाही, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली, झोडपलंस तरी चालेल, पण वाचून झोडप, तेवढं करणारी इथे तूच एक आहेस. आता असं म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार.

मलपृष्ठावर लिहिलं होतं, 'धोका, प्रेम आणि स्वतःचा शोध.' मी कपाळाला हात लावला. हल्ली दर दुसऱ्या कादंबरीत हे तीन पाहुणे उतरलेले असतात. धोका परदेशातून येतो, प्रेम विमानतळावर होतं आणि स्वतःचा शोध घ्यायला नायिकेला थेट हिमाचलात जावं लागतं. नाशिक जिल्ह्यात कुणी स्वतःला सापडतच नाही. पण सरिताची तेजस्विनी निघाली येवल्याच्या साडीच्या दुकानात हिशेब लिहिणारी पंचेचाळिशीची बाई. यंत्रावरच्या साड्या हातमागाच्या म्हणून खपवणारी टोळी तिच्या लक्षात येते, टोळीच्याही ती लक्षात येते, आणि जीव वाचवायला पळता पळता ती अंजनेरीच्या डोंगरात वाट चुकते. तिथे पायथ्याशी चहाची टपरी चालवणारा एक विधुर असतो. चुकलेल्यांना शोधून खाली आणणं हे त्याचं दुसरं काम. तो तिला खाली आणतो, बसवतो आणि विचारतो, साखर किती घालू? वीस वर्षांच्या संसारात तिला हे कुणी विचारलेलं नसतं. त्या पानावर मला चष्मा पुसावा लागला, आणि मी काही चष्मा पुसणाऱ्यांपैकी नव्हे.

पुढे टोळी पकडली जाते. नवऱ्याचा फोन येतो की झालं ते झालं, आता घरी ये. तेजस्विनी अंजनेरी फाट्यावर येऊन उभी राहते. बस थांबते. कंडक्टर विचारतो, येताय का बाई? ती नाही म्हणून मान हलवते. 'बस गेली आणि रस्ता मोकळा झाला.' पान संपलं, पुस्तकही संपलं. मी तशीच बसून राहिले आणि कुकर लावायचा विसरले.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा सढळ हातानं कौतुक केलं. लिहिलं की, 'मराठी कादंबरीतल्या बाईला डोंगरावर चढवणारे पुष्कळ आहेत, पण शेवटी तिला घरच्या गाडीत न बसवण्याचं धैर्य फार थोड्यांकडे असतं. तेजस्विनी परत जात नाही, आणि लेखिका त्याबद्दल कुणाची क्षमाही मागत नाही. अखेरीस समाप्त हा शब्दसुद्धा न छापण्याचा संयम तिनं दाखवला आहे.' हे शेवटचं वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं.

रविवारी परीक्षण छापून आलं. सरिता आणि मी मिसळ खायला जाणार होतो. तिची वाट बघत बसले होते तेवढ्यात 'गोदाकाठ वाचक' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देवरे सरांचा मजकूर आला. 'आदरणीय मंजुषाताईंनी अंजनेरी फाटा या कादंबरीची शेवटची सोळा पानं न वाचताच शेवटाचं कौतुक केलं आहे. नायिका घरी परत जाते. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचणाऱ्यांकडून हे अपेक्षित नव्हतं.' त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्यांची पुस्तकं मी झोडपली होती ते सगळे एकदम जागे झाले. कुणीतरी तर विचारलं की ताई, माझंही असंच वाचलं होतं का? माझ्याकडे नाव म्हणावं असं एवढंच होतं, की ही बाई वाचते. ते डोळ्यांदेखत चाललं होतं.

मी उत्तर टाइप करणार तोच बेल वाजली. दारात सरिता, पायात घरातल्या चपला, हातात तिची स्वतःची प्रत.

"तू हे काय लिहून ठेवलंस गं?" ती म्हणाली. "माझी तेजस्विनी घरी जाते. पुढच्याच बसनं जाते."

मी माझी प्रत आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या तेव्हा कुणीही सांगितलं असतं की तिची प्रत जाड आहे. छपाईत सोळा पानं एका कागदावर छापून घडी घालतात, त्याला फर्मा म्हणतात. माझ्या प्रतीला शेवटचा फर्मा लागलाच नव्हता. नेमकं पान संपलं तिथेच प्रकरणही संपलं होतं, म्हणून मला शंकाही आली नाही. समाप्त हा शब्द तिच्या प्रतीत शेवटच्या पानावर वेलबुट्टीसकट छापलेला होता.

सरितानं बाइंडरला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ताई, तुम्हीच घाई केली ना, तो पहिला गठ्ठा तुम्ही तपासायच्या आधीच उचलून नेला. त्या गठ्ठ्यातल्या प्रती सरितानं भेट म्हणून वाटल्या होत्या. मला हायसं वाटलं. मी निर्दोष होते आणि पुरावा टेबलावर होता. दोन्ही प्रतींचा फोटो ग्रुपवर टाकला की देवरे सरांचं तोंड बघण्यासारखं होणार होतं. मी मोबाइल उचलला, तर सरिता मटकन खुर्चीत बसली.

"त्याच गठ्ठ्यातलं एक चांदवडला दिलंय," ती म्हणाली.

चांदवड म्हणजे तिच्या मुलीचं, हर्षालीचं स्थळ. मुलगा अमोल, कांद्याच्या व्यापाऱ्यांचं मोठं घर. मुलगा-मुलगी भेटले होते, एकमेकांना आवडले होते, आणि साखरपुड्याची तारीख मुलाची आई मीनाबाई कळवणार होत्या. त्या घरात मीनाबाईंच्या शब्दापुढे कुणी जात नाही, असं ऐकिवात होतं. पाहायला आल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून पुस्तक मागून घेतलं होतं. त्याला दोन आठवडे झाले, आणि चांदवडहून फोन नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. सरितानं कादंबरी बस निघून जाते तिथेच संपवली होती. पुस्तक छापायला गेलं आणि त्याच सुमारास हे स्थळ आलं. नवऱ्याकडे परत न जाणारी बाई लिहिणारीच्या घरातली मुलगी कोण करील, या धास्तीनं तिनं चार दिवसांत सोळा पानं वाढवली आणि तेजस्विनीला घरी पोचवलं. हर्षालीला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर तिनंच आईला अंजनेरीवर नेऊन सोडलं असतं. आता मीनाबाईंच्या हातात न परतणारी तेजस्विनी होती, आणि वर माझं परीक्षण, त्या न परतण्याचे ढोल बडवणारं.

आत्ताच्या आत्ता चांदवडला जाऊ, पूर्ण प्रत देऊ, बाइंडरची चूक सांगू, असं तिचं म्हणणं. तू सोबत चल, परीक्षण लिहिणारीनंच सांगितलं तर त्यांना पटेल. मीही तयारच होते. माझं नाव तिथूनच धुऊन निघायला सुरुवात झाली असती. मिसळ राहिली ती राहिलीच.

गाडी सरिता चालवत होती. ओझर मागे पडलं तसं मी शेवटचा फर्मा उघडला. नियम म्हणजे नियम. तेजस्विनी पुढच्या बसनं येवल्याला जाते. दार उघडतं तर नवऱ्यानं स्वतःच्या हातानं चहा केलेला असतो आणि साखरही बरोबर घातलेली असते. टोळीचा म्होरक्या पश्चात्ताप होऊन तुरुंगात कीर्तन करू लागतो. हे मी सहन केलं. पण मग राखीपौर्णिमा येते, टपरीवाला येवल्याला येतो, आणि तेजस्विनी त्याला राखी बांधते. सगळे पुरणपोळी खातात. समाप्त, वेलबुट्टी.

पिंपळगावच्या टोलनाक्यावर मी पुस्तक मिटलं.

"राखी, सरिता?" मी विचारलं.

ती समोर बघत म्हणाली, "मला माहितेय."

मी तिला स्पष्टच सांगितलं की हे भयंकर आहे, इतकं की माझ्या परीक्षणातला शब्दन्‌शब्द मला उलटा लिहावा लागेल. ती म्हणाली, लिही, उलटं लिही, वाटेल ते लिही, पण ती घरी परत येते एवढं ठळक छाप. मी म्हणाले, तू तुझ्याच बाईला फसवलंस. ती म्हणाली, माझी खरी बाई हर्षाली आहे, कागदावरची नंतर. मी चिडून खिडकीची काच खाली केली आणि मे महिन्याचा सगळा वारा तोंडावर घेतला.

मीनाबाई घरामागच्या कांदे साठवायच्या चाळीपाशी होत्या. बायका कांदे निवडत होत्या आणि त्या खुर्ची टाकून देखरेख करत होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर मोठं कुंकू. आम्हाला बघून उठल्या, ओट्यावर सतरंजी टाकायला लावली, पाणी आलं. मग त्या आत गेल्या आणि पुस्तक घेऊन बाहेर आल्या. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. आत खुणेला त्या सकाळच्या पुरवणीतून कापलेलं माझं परीक्षण होतं. सरितानं माझी ओळख करून दिली. मीनाबाईंनी मला नीट न्याहाळलं.

"ह्ये तुमी लिवलंय का ताई? बराबर लिवलंय," त्या म्हणाल्या.

सरितानं पिशवीत हात घातला होता तो तसाच राहिला.

मीनाबाईंनी सांगितलं की फोन करायला उशीर झाला, राग मानू नका. पुस्तक संपल्याबिगर फोन करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दुपारी कामातून सवड मिळाली की दोन-चार पानं, कारण डोळ्यांचा नंबर वाढलेला. काल संपलं. काल रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. हे ऐकून सरिताचा चेहरा उतरला.

"लग्नाला सा वर्सं झाली व्हती तव्हा," मीनाबाई बोलू लागल्या. "म्या नाशकाला नर्सिंगला नाव घातलं व्हतं. भावाकडं राह्यले. दीड महिना गेले कालेजात. मंग घरून निरोप आला, बास झालं, ये आता. म्या ष्टँडवर आले आन गाडीत बसले. वाईट काय झालं नाय माझं, मालक चांगले हायेत, पोरगं गुणाचं हाय. पर लय वर्सं वाटायचं, जी बाई गाडीत बसत नाय ती कशी आसंल? आता ह्या पुस्तकात पाह्यली."

मग मीनाबाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि सरिताकडे वळल्या.

"आता एक खरं सांगा. तुमी लिवलीय, तुमालाच ठावं. पुढं काय झालं तिचं? दुसऱ्या गाडीनं गेली का ती?"

सरिताचा हात पिशवीत होता आणि पिशवीत तो फर्मा होता. ती प्रत बाहेर आली असती तर मी सुटले असते. ग्रुपवर, पुरवणीत, सगळीकडे. मला वाटत होतं की काढ, आणि लगेच वाटत होतं की काढू नकोस. अशा वेळी काय करायचं हे रसायनशास्त्रात शिकवत नाहीत. मी गप्प बसले, आणि मला ओळखणारं कुणीही सांगेल की हे माझ्यासाठी किती अवघड आहे.

सरितानं हात बाहेर काढला. तो रिकामा होता.

"नाही गेली," ती म्हणाली. "ती तिथंच राहिली. नर्सिंगबिर्सिंग नाही केलं तिनं, पण टपरीशेजारी साड्यांचं छोटं दुकान टाकलं."

"आन तो?"

"तो रोज साखर विचारतो."

मीनाबाई मोठ्यानं हसल्या. डोळे पदरानं पुसले, मग पुन्हा हसल्या. माघारी गेली असती तर पुस्तक बंबात घालणार होते, म्हणाल्या, आणि सरिताचा हात धरून त्यांनी तिला पहिल्यांदा विहीणबाई म्हटलं. ज्या घरात असली बाई लिहिली जाते त्या घरातलीच पोरगी मला पाहिजे, असंही वर सांगितलं. साखरपुड्याची तारीख तिथेच ओट्यावर ठरली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना डिकीत कांद्याची अख्खी गोणी चढवली.

परतीच्या वाटेवर सरिता एकटीच हसत होती आणि मध्येच रडत होती. मी तिला विचारलं की खोटं बोलल्यासारखं वाटतंय का. ती म्हणाली, खोटं तर मी त्या चार दिवसांत लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाइंडरकडे गेली आणि शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या प्रतींचा शेवटचा फर्मा काढायला लावला. बाइंडर म्हणाला, ताई, आधी फर्मा नाही म्हणून ओरडलात, आता आहे म्हणून ओरडताय.

राहता राहिलं माझं नाव. दोन प्रतींचा फोटो मी ग्रुपवर टाकला नाही. पुढच्या रविवारी माझ्या सदराच्या तळाला चौकट छापून आली. 'अंजनेरी फाटा ही कादंबरी बस निघून जाते तिथे संपते. काही प्रतींत त्यापुढे सोळा पानं आढळल्यास ती बांधणीतली चूक समजावी. लेखिका दिलगीर आहे.' त्याच सकाळी देवरे सरांचा फोन आला.

"मॅडम, हा काय प्रकार आहे?" ते म्हणाले. "ती पानं माझ्या प्रतीत आहेत. मी वाचली आहेत."

मी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. माझी चूक पकडण्यासाठी का होईना, सरांनी एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं. मग सहज विचारलं की राखीचा प्रसंग त्यांना कसा वाटला.

"कुठली राखी?" त्यांनी विचारलं.

साखरपुडा थाटात झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी मीनाबाई चांदवडहून एकट्या आल्या आणि म्हणाल्या, मला तो फाटा बघायचाय. सरिता म्हणाली की तिथे बघण्यासारखं काही नाही, ऊन आहे आणि रिक्षा आहेत. तरी आम्ही तिघी गेलो. त्र्यंबक रस्त्यावर फाट्याला गाडी बाजूला लावली आणि थांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. समोर अंजनेरी तापून तांबूस झाली होती. टपऱ्या चार होत्या, त्यातल्या कुणीही आम्हाला साखर विचारली नाही, सरसकट गोडमिट्ट चहा दिला.

पेले हातात असतानाच त्र्यंबककडून नाशिकची बस आली. तीन बायका थांब्यावर उभ्या बघून ड्रायव्हरनं ती थांबवली. कंडक्टरनं दार उघडलं आणि खाली वाकून विचारलं, येताय का?

मीनाबाईंनी पेला डाव्या हातात घेतला, पदर सारखा केला आणि कंडक्टरकडे बघून म्हणाल्या, "नाय. तुमी जा."

कंडक्टरनं दार लावलं. बस गेली. मीनाबाई ती वळणापर्यंत बघत राहिल्या, आणि मग त्यांनी अजून तीन चहा सांगितले.